आर्वी नाक्यावरचा तारा

गणबाजी सातघऱ्यांच्या गॅरेजच्या चौकटीवर
खिळ्यानं ठोकलेला एक तारा आहे.
तीन टोकांपैकी एक तुटलेलं,
उरलेल्या दोहोंवर ग्रीसची काळी साय.
नवं गिऱ्हाईक विचारतं, मिस्त्री, हा कोणता देव?
ते म्हणतात, जर्मनीचा.

एकसष्ट साली ते बारा वर्षांचे. क्लीनर,
कासटांच्या जिनिंगमधल्या ट्रकवर.
ट्रक इथलाच, टाटांचा, पण नाकावर तारा तिकडचा.
वहीदभाई ड्रायव्हर सांगायचा,
पोऱ्या, आधी तारा पूस, मंग काच.
काच आपल्यासाठी. तारा रस्त्यासाठी.
रुईच्या गाठी लादून पुलगावच्या चढावर
तो ट्रक कण्हायचा, पण थांबला नाही कधी.
म्हणजे थांबला, दोनदा :
एकदा डिझेल संपलं,
एकदा वहीदभाई.

त्या काळी चांगल्या कशालाही गावात मर्सिडी म्हणत.
कोणाची बैलजोडी मर्सिडी,
सोनाबाई लोहकऱ्यांची शिलाई मशीन मर्सिडी,
कंपाउंडरचं इंजेक्शनसुद्धा.
मग करार संपला.
नव्या ट्रकांवरून तारा उतरला,
इंजिन तेच राहिलं, आवाजही तोच,
आणि लोक आणखी वीस वर्षं मर्सिडीच म्हणत राहिले.
गणबाजींना तारा मिळाला तो भंगारात,
सव्वा रुपयाला, एका टोकानं कमी.

मी आयटीआयत डिझेल शिकवतो.
संध्याकाळी त्यांच्या बाकड्यावर बसतो,
चहा होईतो सांगतो काहीबाही.
ही टोकं म्हणजे जमीन, पाणी, आभाळ.
तिन्हीकडं आपलंच इंजिन चालावं, एवढी त्यांची हौस.
पहिली लांबची सफर मालकाच्या बायकोनं केली,
पहाटेच, नवऱ्याला न सांगता, दोन पोरं घेऊन.
नळी तुंबली तर टोपीची पिन घातली.
इंधन आणलं औषधाच्या दुकानातून,
ब्रेक झिजला तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं.
गणबाजी मांडीवर थाप मारून :
म्हंजे पयली मिस्त्री बाईच होय!

मग एकदा पुढचं सांगितलं.
लढाईच्या वर्षांत त्यांच्या कारखान्यांत
परमुलखातून धरून आणलेली माणसं,
कुंपणामागं ठेवून राबवलेली.
कंपनीनं नंतर कबूल केलं, फार नंतर.
स्टोव्ह फरफरत होता.
गणबाजी पान्हा पुसत राहिले, पुसलेलाच.
अन् तारा कोन पुसत होतं, तवा?
मला माहीत नव्हतं. अजून नाही.

परवा समृद्धीवरून खाली उतरलेली एक काळी मर्सिडीज
नाक्यावर बंद पडली.
नागपूरचा तरुण माणूस, कानाला फोन.
गणबाजी हात पुसून गेले, वाटेत पुन्हा पुसले.
बॉनेट उघडा, पाहू द्या.
नको काका, वॉरंटी जाईल. कॉम्प्युटर लावावा लागतो.
बरं.
थोडं थांबून :
ताऱ्याले हात लावू काय? ताऱ्याची वॉरंटी नसन.
तो हसला. लावा म्हणाला.
पंचाहत्तरी गाठलेल्या माणसानं खिशातून फडका काढला,
आधी तारा पुसला,
मग काच.

तीन तासांनी उचलायला गाडी आली.
मर्सिडीज साखळ्यांनी बांधली, पाठीवर चढवली,
कर्रकन् आवाज करत सरळ केली.
उचलणाऱ्या गाडीच्या नाकावर टाटा.
गणबाजींनी मला कोपरानं ढोसलं,
बोलले मात्र काही नाहीत.
धूळ बसेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे,
दोन बकऱ्या रस्ता ओलांडून गेल्या.

रात्री दार लावताना मी विचारलं,
यातलं तुटलं ते टोक कोणतं, मिस्त्री?
त्यांनी मान वर करून पाहिलं,
जणू पहिल्यांदाच.
पान्याचं असन.
समुद्र कुठी पाह्यला आपन?